दोन डिस्क, एक संसार



आपल्या मंडळात इंजिनियरांना तोटा नाही. त्यातला कोणी पूल बांधतो, कोणी औषधांच्या कारखान्यात व्हॉल्व्ह तपासतो, कोणी आमच्यासारखा इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.ई. करून इकडे एम.एस.ला येतो आणि पुढची वीस वर्षं चिप्सच्या चाचण्या घेतो. पण काका-मावश्यांच्या हिशेबात हे सगळे एकच. "तू इंजिनियर ना? मग आमचा कम्प्युटर जरा बघतोस का?" हा प्रश्न पॉटलकच्या रांगेत, हातात पुरी-श्रीखंडाची प्लेट असताना, मला किती वेळा विचारला गेला असेल याची गणती नाही. तक्रार नाही, त्या निमित्ताने कितीतरी घरचा चहा प्यायला मिळाला.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र या विचारणांमध्ये एक विशिष्ट दुखणं पुन्हापुन्हा दिसायला लागलं आहे. संगणक सात-आठ वर्षांचा. आतमध्ये 'हायब्रिड' म्हणजे जोडजातीची डिस्क. इतकी वर्षं कुरकुर न करता चाललेला. मग एक दिवस बँकेची वेबसाइट किंवा टॅक्सचं सॉफ्टवेअर सांगतं, "तुमची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली." मालक बिचारे आज्ञाधारकपणे अपग्रेडचं बटण दाबतात, आणि संगणक अर्ध्या वाटेत आडवा पडतो. अशा वेळी घरातलं माणूस जे करायला जातं, बऱ्याचदा तेच सगळ्यात घातक असतं. म्हणून हा लेख. विषय थोडा तांत्रिक आहे, पण कुकरची रिंग बदलता येणाऱ्या कोणालाही समजेल असा मांडायचा प्रयत्न करतो.

कोठीची खोली आणि मिसळणाचा डबा

आधी ही जोडडिस्क म्हणजे काय प्रकरण आहे ते पाहू. जुनी हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा गरगरणारी तबकडी. स्वस्त, भरपूर जागेची, पण संथ. फ्लॅश मेमरीची एसएसडी म्हणजे काहीही न फिरणारी, विजेच्या वेगाची, पण त्या काळी फार महाग. तेव्हा कंपन्यांनी मधला मार्ग काढला: थोडी फ्लॅश आणि मोठी तबकडी एकत्र नांदवायची, आणि वापरणाऱ्याला ती एकच डिस्क म्हणून दाखवायची.

हे एकत्र नांदणं दोन तऱ्हांनी होतं, आणि या लेखातली सगळी मेख या फरकात आहे.

पहिली तऱ्हा आपल्या मिसळणाच्या डब्याची. कोठीच्या खोलीत हळदीची बरणी भरलेली असते. त्यातली वाटीभर आपण ओट्यावरच्या डब्यात ठेवतो. डबा हातातून पडला, सांडला, तरी बरणी शाबूत. सीगेट कंपनीची २०१० साली आलेली मोमेंटस एक्सटी ही डिस्क याच पद्धतीची होती. ५०० गिगाबाइटच्या तबकडीसोबत फक्त ४ गिगाबाइट फ्लॅश, आणि त्यात वारंवार लागणाऱ्या मजकुराची नक्कल. मूळ माल तबकडीवरच.

दुसरी तऱ्हा निराळी. इथं हळद वाटीभर काढून ठेवत नाहीत, सगळं सामानच वाटून ठेवतात. रोजचं ओट्यावर, क्वचित लागणारं कोठीत, आणि एक वस्तू एकाच जागी. ॲपलने ऑक्टोबर २०१२ मध्ये आयमॅक आणि मॅक मिनीबरोबर आणलेली फ्यूजन ड्राइव्ह ही या दुसऱ्या घराण्यातली. सुरुवातीला १२८ गिगाबाइट फ्लॅश आणि १ किंवा ३ टेराबाइटची तबकडी अशी जोडी होती. २०१५ च्या शेवटी १ टेराबाइटच्या मॉडेलमधली फ्लॅश २४ गिगाबाइटवर आली, २०१७ मध्ये ती ३२ झाली. म्हणजे 'माझ्याकडे फ्यूजन आहे' एवढं म्हणून भागत नाही. कुठल्या सालचा संगणक, हेही बघावं लागतं.

या जोडणीत वाटणी फाइलीच्या पातळीवर होत नाही, फाइलीच्या तुकड्यांच्या पातळीवर होते. तुमच्या मुलीच्या अरंगेत्रमच्या व्हिडिओचे काही तुकडे फ्लॅशवर, बाकीचे तबकडीवर असू शकतात, आणि कुठला तुकडा कुठे याचा हिशेब ऑपरेटिंग सिस्टिमकडे. म्हणून दोहोंपैकी एक डिस्क मेली की दुसरी जिवंत असूनही सगळा माल गेल्यात जमा. जात्याची एक तळी फुटली की दुसरी कितीही धडधाकट असो, पीठ पडत नाही. साध्या हार्ड डिस्कला बिघडायला एक जागा असते, फ्यूजनला दोन.

अपग्रेडच्या वेळीच का?

"अरे, कालपर्यंत तर व्यवस्थित चालू होता!" हे वाक्य मला प्रत्येक घरी ऐकायला मिळतं, आणि ते खरंही असतं. रोजच्या कामात आपण ईमेल, ब्राउझर, चार-दोन कागदपत्रं एवढंच उघडतो. तो माल ओट्यावर, म्हणजे फ्लॅशवर असतो. तबकडीच्या एखाद्या कोपऱ्यात वाचता न येणारे भाग तयार झाले असले, तरी तिकडे कोणी फिरकतच नाही. अपग्रेड मात्र कोठीची खोली झाडायला घेतं. हजारो फाइली वाचायच्या, हलवायच्या, नव्या लिहायच्या, मोकळी जागा शोधायची. मग वर्षानुवर्षं दडून राहिलेलं दुखणं एका दुपारी बाहेर येतं. अपग्रेडने डिस्क बिघडवली असं म्हणण्यापेक्षा, बिघडत चाललेली डिस्क अपग्रेडने उघडकीला आणली असं म्हणणं बहुतेक वेळा खरं असतं.

त्यात मॅकवाल्यांच्या बाबतीत आणखी एक भर पडली. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या हाय सिएरा आवृत्तीने फाइली मांडण्याची पद्धतच बदलली आणि एपीएफएस नावाची नवी व्यवस्था आणली, पण ती फक्त पूर्ण फ्लॅश असलेल्या संगणकांसाठी. फ्यूजन ड्राइव्हची पाळी आली सप्टेंबर २०१८ च्या मोहावी आवृत्तीत. त्यामुळे ज्यांनी हाय सिएरा किंवा त्याआधीच्या आवृत्तीवर मुक्काम ठोकला आणि नंतर एकदम वरची उडी घेतली, त्यांच्या संगणकाला नवी सिस्टिम बसवणं आणि सगळ्या घराची मांडणी बदलणं अशी दोन कामं एकाच रात्रीत करावी लागली.

मोकळ्या जागेचाही मुद्दा आहे. सिएरा किंवा त्यानंतरच्या आवृत्तीवरून २०२० च्या बिग सरवर जायला ३५.५ गिगाबाइट मोकळी जागा लागते. सुरुवातीच्या काही महिन्यांतला बिग सरचा इन्स्टॉलर तर जागा पुरेशी आहे की नाही हे नीट न तपासताच कामाला लागत असे आणि मध्येच अडकत असे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते सुधारलं गेलं. ज्यांनी तो इन्स्टॉलर तेव्हा उतरवून ठेवला असेल त्यांनी तो वापरू नये, ताजा उतरवून घ्यावा. आणि निदान ५०-६० गिगाबाइट मोकळी असल्याशिवाय अपग्रेडच्या वाटेला जाऊ नये.

एका आयमॅकची गोष्ट

तात्त्विक बोलणं पुरे. मार्च २०२३ मधलं एक उदाहरण सांगतो. आमच्या गावापासून अर्ध्या तासावर राहणारं एक निवृत्त जोडपं. सगळं मंडळ त्यांना काका-काकूच म्हणतं. घरात २०१७ चा २७ इंची आयमॅक, आत १ टेराबाइटची फ्यूजन ड्राइव्ह. मोहावीवर निवांत चाललेला. टॅक्सच्या सॉफ्टवेअरने हटून बसायचं ठरवलं, म्हणून काकांनी थेट व्हेंच्युराचं अपग्रेड सुरू केलं. रात्रभर पट्टी पाऊण भरून थांबलेली. सकाळी बंद करून चालू केला तर पुन्हा तीच पट्टी, पुन्हा पाऊण, पुन्हा आपोआप रीस्टार्ट.

काका तो उचलून एका दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. तिथल्या मुलाने दोन मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, "सोपं आहे, डिस्क पुसून नव्याने टाकू, संध्याकाळी घेऊन जा." काका तयार होते. काकू म्हणाल्या, "थांबा. आधी त्याला विचारू." आणि मला फोन आला.

मी विचारलं, "काकू, त्यात असं काय आहे जे दुसरीकडे कुठेच नाही?"

त्यांनी फोटो सांगितले, नातवंडांचे व्हिडिओ सांगितले. मग जरा थांबून म्हणाल्या, "माझ्या आईच्या ओव्या आहेत रे. २००९ साली गावी गेलो होतो तेव्हा ह्यांनी टेप केल्या होत्या. चाळीस मिनिटं. आई आता नाही."

बॅकअपची डिस्क होती. कपाटात. शेवटचा बॅकअप २०१९ चा, आणि ओव्यांची कॅसेट संगणकावर उतरवली होती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. कॅसेट पुढे घर आवरताना गेली. म्हणजे त्या चाळीस मिनिटांची जगात एकच प्रत, आणि ती जात्याच्या दोन तळ्यांमध्ये.

मी काकांना एवढंच म्हटलं, "आयमॅक घरी आणा, आणि मी येईपर्यंत चालू करू नका."

आधी वाचा, मग लिहा

या सगळ्या प्रकारात माझा एकच नियम आहे. डिस्क संशयास्पद असेल तर जे काम तिच्यावरून फक्त वाचतं ते आधी करायचं. जे काम तिच्यावर लिहितं ते नंतर. पुन्हा इन्स्टॉल करणं हे लिहिणं. पुसणं हे तर लिहिण्याचा कळस. 'फर्स्ट एड' चालवणं हेसुद्धा लिहिणंच, कारण दुरुस्ती म्हणजे बदल. घाबरलेलं माणूस हा क्रम नेमका उलटा लावतं. आपल्या घाटातल्या पाट्यांवर लिहिलेलं असतं ना, 'अति घाई संकटात नेई', ती पाटी संगणकाच्या वरही लावायला हवी.

त्या शनिवारी आम्ही काय केलं ते क्रमाने देतो. इंटेल चिप असलेल्या कुठल्याही फ्यूजनवाल्या मॅकला हे लागू पडावं.

पहिलं, एक रिकामी बाहेरची एसएसडी आणली, यूएसबीने जोडायची. चालू करताना ऑप्शन, कमांड आणि आर ही तीन बटणं दाबून ठेवली. याने संगणक इंटरनेटवरून रिकव्हरी उतरवतो आणि त्या मशीनला चालेल अशी सर्वांत नवी आवृत्ती देऊ करतो. आतल्या डिस्कला हातही न लावता व्हेंच्युरा त्या बाहेरच्या एसएसडीवर टाकली. इथं एकच पथ्य: इन्स्टॉल कुठे करायचं हे विचारलं जातं, तेव्हा नाव दोनदा वाचा. काकूंना मोठ्याने वाचायला लावलं.

दुसरं, ऑप्शन बटण दाबून ठेवून चालू केल्यावर कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते निवडता येतं. बाहेरची निवडली. दहा मिनिटांत स्वच्छ, नवा संगणक समोर, आणि आतली जोडडिस्क त्याच्या एका कोपऱ्यात पाहुण्यासारखी बसलेली. डिस्क युटिलिटीच्या 'व्ह्यू' मेनूत 'शो ऑल डिव्हायसेस' असा पर्याय आहे. तो लावल्यावर फ्लॅश आणि तबकडी दोन्ही वेगवेगळ्या दिसतात. दोन्ही हजर होत्या. तबकडीचा स्मार्ट नावाचा आरोग्याचा दाखला 'व्हेरिफाइड' सांगत होता. या दाखल्यावर फार विसंबू नये. 'फेलिंग' म्हटलं तर ते खरं मानावं. 'व्हेरिफाइड' म्हटलं तर एवढंच समजावं की अजून तक्रार नोंदलेली नाही. मी कान लावला तर तबकडी मधूनमधून टिक, टिक करून थबकत होती. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपइतकाच हा कान उपयोगी पडतो.

तिसरं, कॉपी करण्याचा क्रम. लोक वरपासून खालपर्यंत सगळं एकदम ओढून टाकतात. मरणाऱ्या डिस्ककडे किती वाचनं शिल्लक आहेत हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून जे परत मिळणार नाही ते आधी काढायचं. ओव्यांची फाइल पहिली. ती उतरायला जेमतेम मिनिट लागलं. ती लगेच एका पेनड्राइव्हवर आणि काकांच्या लॅपटॉपवरही टाकली. काकूंनी वाजवून बघू का विचारलं. म्हटलं, लॅपटॉपवरची वाजवा, इथली नको. आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

मग फोटोंची लायब्ररी, ३१० गिगाबाइट. नेहमीच्या ओढून टाकण्याच्या पद्धतीत एक अडचण असते: एखादी फाइल वाचता आली नाही की फाइंडर सगळं कामच सोडून देतो, आणि तुम्ही सकाळी उठून पाहता तर दोनशे फोटोंवर गाडी थांबलेली. म्हणून टर्मिनलमधला आरसिंक वापरला. तो अडलेली फाइल सोडून पुढे जातो आणि शेवटी काय राहिलं ते सांगतो. पूर्ण रात्र आणि दुसरा अर्धा दिवस लागला. शेवटी चाळीसएक फोटो आले नाहीत, बाकी सगळे आले. त्यानंतर कागदपत्रं, काकांचा हिशेब, मंडळाच्या जुन्या कार्यक्रमांची पत्रकं.

सोमवारी संध्याकाळी काकांचा फोन आला. आतली डिस्क आता दिसतच नव्हती. फ्लॅश हजर, तबकडी बेपत्ता. शुक्रवारी दुकानात 'पुसून नव्याने' झालं असतं तर ओव्या तिथंच संपल्या असत्या. आणि पुसलेल्या डिस्कवर बसवलेली नवी सिस्टिम तरी किती दिवस टिकली असती?

पुढचं सोपं होतं. २७ इंची आयमॅकचा पडदा गोंदाच्या पट्ट्यांनी चिकटवलेला असतो, तो उघडून डिस्क बदलणं हे घरगुती काम नव्हे. आम्ही उघडलाच नाही. बाहेरच्या एसएसडीलाच कायमची डिस्क केली, स्टँडच्या मागे वेल्क्रोने चिकटवली. आधीपेक्षा जलद चालायला लागला. काका म्हणाले, "हे आधीच का नाही केलं?" काकूंनी त्यांच्याकडे फक्त पाहिलं.

पडद्यावरची चिन्हं

प्रत्येक अडकलेलं अपग्रेड मरणपंथाला लागलेलं नसतं. चिन्हं ओळखता आली तर अर्धी भीती जाते.

पट्टी हलत नाही: फ्यूजनवर अपग्रेडला तासन् तास लागू शकतात. रिकव्हरीतून इन्स्टॉल करत असाल तर कमांड आणि एल दाबल्यावर आत काय चाललंय त्याची नोंदवही उघडते. ओळी सरकत असतील तर चहा करा आणि धीर धरा. रात्री सुरू केलं असेल तर सकाळपर्यंत हात लावू नका.

लुकलुकणारं प्रश्नचिन्हाचं फोल्डर: सुरू व्हायला डिस्कच सापडत नाही. डिस्क मेली असेल किंवा फक्त पत्ता हरवला असेल. ऑप्शन दाबून चालू करा. नाव दिसलं तर बहुधा पत्ताच हरवलाय.

आडव्या रेघेचं वर्तुळ: डिस्क सापडली, पण तिच्यावरची सिस्टिम या मशीनला चालणारी नाही किंवा अर्धवट आहे. डिस्क निरोगी असेल आणि बॅकअप असेल तर रिकव्हरीतून त्याच डिस्कवर पुन्हा इन्स्टॉल केल्यावर साधारणपणे तुमच्या फाइली तशाच राहून हे सुटतं.

एकाऐवजी दोन डिस्क दिसतात: जोडी तुटली. संसार मोडला! अशा वेळी डिस्क युटिलिटीच्या काही जुन्या आवृत्त्या 'फिक्स' असं गोंडस बटण दाखवतात. ते दुरुस्त करतं म्हणजे दोन्ही डिस्क पुसून पुन्हा लग्न लावतं. मोहावी आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत रिकव्हरीच्या टर्मिनलमध्ये 'डिस्कयुटिल रिसेटफ्यूजन' हा हुकूम दिला की हेच होतं. हुकूम उत्तम आहे, काम चोख करतो, पण तो शेवटच्या पायरीवरचा आहे. दोन्ही डिस्क ठणठणीत आहेत आणि हातात ताजा बॅकअप आहे, अशी खात्री असेल तेव्हाच.

विंडोजवाल्यांनी हसू नये

"आमच्याकडे मॅक नाही," म्हणून पान उलटू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि कितीतरी घरांत विंडोज ११ ची धांदल उडाली. २०१७ नंतरच्या अनेक लॅपटॉप-डेस्कटॉपमध्ये इंटेलची ऑप्टेन मेमरी तबकडीच्या जोडीला बसवलेली आहे. इंटेलने २०२२ मध्ये ऑप्टेनचा धंदा आवरता घेतला, पण घरातली मशीनं आहेत तिथंच आहेत. त्याआधीची, २०११ पासूनची, स्मार्ट रिस्पॉन्स नावाची जोडणीही त्याच जातीची.

इथं तीन पथ्यं. डिस्क बदलण्याआधी, तिची नक्कल काढण्याआधी किंवा सिस्टिम नव्याने टाकण्याआधी इंटेलच्या रॅपिड स्टोरेज किंवा ऑप्टेनच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन जोडणी रीतसर बंद करा, म्हणजे फ्लॅशमध्ये राहिलेला माल तबकडीवर परत जातो. दुसरं, बायोसमध्ये 'रेड'चं 'एएचसीआय' करायचा सल्ला कोणी दिला तर जोडणी चालू असताना तो ऐकू नका. विंडोज उठणारच नाही. तिसरं, बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवा. कुलूप लागल्यावर किल्ली शोधायला त्याच घरात जाता येत नाही.

आता हातात काय आहे

मॅकवाल्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २०१२ चा आयमॅक २०१९ च्या कॅटलिनापर्यंतच जातो, २०१५ च्या शेवटचा २०२१ च्या माँटेरेपर्यंत, २०१७ चा २०२२ च्या व्हेंच्युरापर्यंत, आणि २०१९ चा २०२४ च्या सेकोयापर्यंत. २०२५ मध्ये आलेल्या टाहोच्या यादीत फ्यूजन ड्राइव्हचा एकही संगणक नाही, आणि ॲपलच्या नव्या चिपवाल्या मशीनांत ही जोडी कधी आलीच नाही. म्हणजे या संगणकांच्या अपग्रेडचा रस्ता इथं संपतो. तेव्हा नवी सिस्टिम कशी बसवावी या चिंतेपेक्षा, त्यातलं सामान बाहेर कसं काढावं ही चिंता मोठी. संगणक आज व्यवस्थित चालतोय तोवरच हे काम सोपं आहे. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

आपल्यासारख्यांच्या घरी एक विशेष गोष्ट असते, तीही सांगून ठेवतो. युनिकोड येण्याआधी आपण श्रीलिपी, आकृती अशा फाँटमध्ये मराठी टाइप केलं: लग्नपत्रिका, नाटकांच्या संहिता, मंडळाचे जुने अंक. तो फाँट नसेल तर ही फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. म्हणून फाइलीबरोबर फाँटही जपा, आणि महत्त्वाचा मजकूर पीडीएफ करून ठेवा. मॅकवर कॅटलिनापासून जुने ३२ बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत. एखादी फाइल त्याशिवाय उघडत नसेल तर अपग्रेडच्या आधीच ती दुसऱ्या रूपात काढून घ्या.

आणि बॅकअप. जुना नियम आहे तीन-दोन-एकचा: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आपल्याला हे इतरांपेक्षा सोपं आहे. भारतात जाताना बॅगेत बदाम-पिस्ते आणि चॉकलेटं असतातच. त्यात एक छोटी डिस्क टाका आणि पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या घरी कपाटात ठेवून या. दर वारीला नवी न्यायची, जुनी आणायची. फोटो क्लाउडवर आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. तिथं जुळवणी चालते, इथं चुकून पुसलेलं तिथूनही पुसलं जातं. क्लाउड असू द्या, पण तीनमधली एक प्रत म्हणून.

या शनिवारी एवढंच करा. तुमच्या संगणकात कुठली डिस्क आहे ते पाहा. मॅकवर वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदाखालच्या 'अबाउट धिस मॅक'मध्ये, विंडोजवर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये ते कळतं. मग घरातल्या सगळ्यांना बसवून एकच प्रश्न विचारा: यात असं काय आहे जे दुसरीकडे कुठेच नाही? उत्तराची यादी कागदावर करा, आणि त्या यादीतली पहिली गोष्ट जेवणाआधी दुसऱ्या डिस्कवर टाका. ती तिथं उघडतेय हेही बघा. न उघडणारा बॅकअप म्हणजे नुसता दिलासा.

अडलंच कुठे, तर पॉटलकच्या रांगेत मी सापडेनच. फक्त संगणक बंद ठेवून या, आणि हो, श्रीखंड संपायच्या आत या!